कंपनीतून दुरुस्त होऊन आलेली रायफल ओरिजनल म्हणायची का?



जुना माल विकणाऱ्या प्रत्येकाला दिवसातून चारदा एक प्रश्न ऐकावा लागतो, "ओरिजनल आहे ना?" आणि आपण सवयीने "हो" म्हणून मोकळे होतो. पण ओरिजनल म्हणजे नेमकं काय? कंपनीतून निघाला तसाच, एक स्क्रूसुद्धा न खोललेला? की कंपनीनेच परत घेऊन पार्ट बदललेला? की कंपनीचा पार्ट आणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बसवलेला? तिन्हींसाठी आपल्या तोंडी एकच शब्द असतो. भांडण तिथूनच सुरू होतं.

माझ्या दुकानात दुरुस्त केलेली शिलाई मशीन आणि मिक्सर विकले जातात, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या गल्ल्याचा आहे. पण आजचं उदाहरण मी मुद्दाम लांबचं घेतलंय. अमेरिकेत जुन्या विंचेस्टर रायफलींचा संग्राहकांचा बाजार आहे. या तीन प्रकारांमधला फरक तिथे जितक्या काटेकोरपणे बघतात, तितका मी दुसरीकडे क्वचितच पाहिलाय. आपल्याकडे शस्त्राला परवाना लागतो, त्यामुळे हा काही खरेदीचा सल्ला नाही. पारख कशी करतात ती पद्धत आपल्याला शिकायची आहे.

आधी माल समजून घेऊ

विंचेस्टर कंपनी १८६६ साली सुरू झाली. कारखाना कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात. त्यांची प्रसिद्ध रायफल म्हणजे मॉडेल १८७३. ही लिव्हर ॲक्शन रायफल. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत सरकतं. १९२०च्या दशकापर्यंत या मॉडेलचे सात लाखांवर नग निघाले. पुढे मॉडेल १८९४ आलं, ते तर दहा लाखांच्या वर गेलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी ही रायफल म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. गुराखी, शेतकरी, शिकारी यांचं ते रोजचं अवजार होतं. काळ्या दारूची काजळी नळीत साचायची. वेळेवर साफसफाई केली नाही तर नळी आतून गंजून खराब व्हायची. मग मालक काय करणार? रायफल पार्सल करून कंपनीला पाठवायचा. कंपनी नवी नळी बसवून, पॉलिश करून परत द्यायची. म्हणजे आपली सर्व्हिसिंगच!

आता हीच रायफल शंभर-सव्वाशे वर्षांनी विकायला आली, तर ती खरी की खोटी? खोटी नक्कीच नाही. पण कारखान्यातून पहिल्यांदा निघाली तशीही ती राहिलेली नाही. आणि किमतीचा सगळा खेळ या मधल्या जागेत आहे.

काम बघून कळत नाही, काळ बघून कळतं

पहिली अडचण ही की कंपनीतली दुरुस्ती त्याच कारागिरांनी, त्याच मशीनवर, त्याच मालात केलेली असते. सफाई बघून ती ओळखू येत नाही. म्हणून जाणकार माणूस कामाची सफाई नंतर बघतो. आधी तारखा जुळवतो.

सिरियल नंबर बॉडीवर असतो. १८७३ मॉडेलमध्ये तो दस्त्याच्या खालच्या पट्टीवर सापडतो. त्यावरून बॉडी कोणत्या वर्षाची हे कळतं. नळीवर मात्र सिरियल नंबर नसतो. म्हणजे नळी बदलली तरी नंबर तोच राहतो. मग पकडायचं कसं?

एक सोपं उदाहरण घ्या. १८७३ मॉडेल सुरुवातीला फक्त ४४-४० काडतुसासाठी निघालं. ३८-४० हे काडतूस १८७९ च्या सुमाराला आलं आणि ३२-२० आलं १८८२ साली. समजा, एखाद्या रायफलीच्या बॉडीचा नंबर १८७८ चा आहे आणि नळी ३२-२० ची आहे. जे काडतूस अजून जन्मालाच आलं नव्हतं, त्याची नळी १८७८ साली कुठून येणार? म्हणजे नळी नंतरची. विकणारा कितीही शपथा घेवो, तारीख काही त्याच्या बाजूने बोलणार नाही.

एका छोट्या शिक्क्याची गोष्ट

नळी नंतरची आहे हे कळलं. पण ती कंपनीत बसली की बाहेर? यासाठी सगळ्यात कामाचा पुरावा म्हणजे एक छोटासा अंडाकृती शिक्का.

१९०५ पासून विंचेस्टर कंपनी चाचणी झालेल्या बंदुकीवर अंडाकृती चौकटीत 'डब्ल्यू पी' अशी अक्षरं ठोकू लागली. नळीवर एक, बॉडीवर एक. त्याआधीच्या मालावर हा शिक्का नव्हता. आणि जी नळी सुटा पार्ट म्हणून विकली जायची, तिच्यावर अंडाकृतीत नुसता 'पी' असायचा. कारण ती नळी कुणाच्या हातून, कोणत्या बंदुकीवर बसणार हे कंपनीला माहीत नसायचं.

आता समोर १८९६ ची रायफल ठेवा आणि हिशोब करा.

नळीवर आणि बॉडीवर, कुठेच शिक्का नाही: तिच्या काळाशी हे जुळतं. पुढची तपासणी करायची.

दोन्हीकडे 'डब्ल्यू पी' आहे: रायफल १९०५ नंतर कधीतरी कंपनीत परत गेली होती, तिथे काम झालं आणि चाचणी पुन्हा झाली, असं मानायला चांगला आधार आहे.

नळीवर नुसता 'पी' आणि बॉडी कोरी: कंपनीचाच पार्ट, पण बसवला बाहेरच्या कारागिराने.

नळीवर 'डब्ल्यू पी' आणि बॉडी कोरी: ही नळी दुसऱ्या एखाद्या बंदुकीवरची असावी, अशी शंका घ्यायची.

बघा, आपण सुरुवातीला जे तीन प्रकार म्हटले, ते या शिक्क्यांनी वेगळे करून दाखवले. कंपनीने एका अक्षराचा फरक ठेवला आणि शंभर वर्षांनंतरच्या गिऱ्हाईकाची फसवणूक टळली.

हाताने आणि डोळ्याने काय बघतात?

तारखा जुळल्या की मग अंगावरच्या खुणा. यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला ओळखीच्या वाटतील.

लोखंडावर निळसर-काळा थर देतात, त्याला ब्लूइंग म्हणतात. गंजाने लोखंडाला बारीक खड्डे पडतात. खड्ड्यांच्या आतपर्यंत ब्लूइंग गेलेलं दिसलं, तर ते गंजानंतर केलंय. सरळ हिशोब आहे. भिंतीच्या चिरेत रंग दिसला, तर चीर आधीची आणि रंग नंतरचा!

जोरात बफ मारला की धारदार कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो. कंपनीतला पॉलिशवाला सपाट भाग सपाटच ठेवायचा.

लाकडी दस्ता नवा असताना लोखंडापेक्षा किंचित उंच असतो. पॉलिश पेपर मारून लाकूड 'नवं' केलं की ते लोखंडाच्या खाली जातं. जोडावरून बोट फिरवलं की कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, झीज सगळीकडे सारखी पाहिजे. हाताळून बॉडी पांढरी पडलीय आणि नळी मात्र काळी कुळकुळीत, तर दोघींचं वय एक नाही.

रजिस्टर काय सांगतं आणि काय सांगत नाही

अमेरिकेत वायोमिंग राज्यात कोडी नावाचं गाव आहे. तिथल्या संग्रहालयात विंचेस्टरची जुनी हस्तलिखित रजिस्टरं जपून ठेवली आहेत. नंबर कळवला आणि फी भरली की नोंदीचं पत्र मिळतं. रायफल की कार्बाइन, काडतूस कोणतं, नळी गोल की अष्टकोनी, गोदामात कधी आली, कधी रवाना झाली. सगळ्या नंबरांच्या नोंदी मात्र उरलेल्या नाहीत. मॉडेल १८९४ च्या नोंदी साधारण साडेतीन लाख नंबरपर्यंतच मिळतात.

काही नोंदींपुढे 'आर अँड आर' असं लिहिलेलं असतं. म्हणजे परत आली आणि दुरुस्त केली. सोबत तारीख. बहुतेक वेळा एवढंच! नळी बदलली, दस्ता बदलला की नुसता एक स्क्रू, याचा पत्ता नाही. आज त्या दोन अक्षरांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. लिहिणाऱ्या कारकुनाने "नळी नवी" एवढे दोन शब्द जास्त लिहिले असते, तर वाद मिटला असता.

रजिस्टरची ताकदही तेवढीच मोठी आहे. १८७५ च्या सुमाराला कंपनीने नेमबाजीत सर्वात अचूक ठरलेल्या नळ्या निवडून 'वन ऑफ वन थाउजंड' नावाने खास रायफली काढल्या. किंमत १०० डॉलर. १८७३ मॉडेलमध्ये अशा दीडशेपेक्षाही कमी निघाल्या. दुर्मीळ म्हटलं की नकला आल्याच. साध्या रायफलीवर ती अक्षरं कोरणारे हुशार निघाले, पण रजिस्टरमध्ये ते कसं कोरणार?

काही न करण्याची किंमत

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन नॅशनल पार्कमध्ये कर्मचाऱ्यांना जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक १८७३ मॉडेल सापडली. दस्ता उन्हापावसाने करडा पडलेला, चिरलेला, त्याचं टोक जमिनीत रुतलेलं. कोडीच्या नोंदीत नंबर सापडला. ती १८८२ साली बनून रवाना झाली होती. कुणाला विकली, झाडाला कुणी टेकवली, हे मात्र नोंदीत नाही.

आता विचार करा, आपल्यापैकी कुणाच्या हाती ती लागली असती तर? घासूनपुसून, पॉलिश मारून चकचकीत केली असती की नाही? कोडीच्या लोकांनी लाकडाचे सुटणारे पोपडे जागेवर घट्ट केले, पण तिला चकचकीत केलं नाही. १८८२ मध्ये त्या मॉडेलच्या २५ हजारांवर रायफली बनल्या होत्या, म्हणजे ती काही दुर्मीळ नव्हती. पण तिच्या अंगावरच्या त्या करड्या चिरा, तोच तर तिचा इतिहास. चकचकीत केली असती, तर ती हजारांतली एक झाली असती.

आपल्या दुकानात हे कसं वापरायचं?

एक, 'ओरिजनल' हा शब्द एकटा वापरू नका. "न उघडलेलं", "कंपनीत दुरुस्त", "आमच्याकडे दुरुस्त" असे तीन टॅग करा. भावही तीन ठेवा. गिऱ्हाईक दुरुस्तीला घाबरत नाही, लपवलेल्या दुरुस्तीला घाबरतं.

दोन, तुमचा 'पी' ठरवा. बदललेल्या पार्टवर पेंटची खूण, तारीख, छोटं स्टिकर, काहीही चालेल. पण प्रत्येक नगावर, न चुकता.

तीन, जॉब कार्डवर नुसतं "रिपेअर केले" लिहू नका. कोणता पार्ट, नवा की जुना, कुणी बसवला, तारीख. एक ओळ जास्त लागते, अर्धा मिनिट जातो.

चार, जुना माल विकत घेताना चकाकीवर जाऊ नका. आधी तारखा जुळवा, मग झीज सगळीकडे सारखी आहे का बघा. जी जागा बाकीच्यांपेक्षा जास्त सुंदर दिसते, तिथेच पहिला प्रश्न विचारा.

या आठवड्याचं काम सोपं आहे. दुकानातले दुरुस्त केलेले दहा नग काढा आणि प्रत्येकावर यातला कोणता टॅग लागतो ते लिहा. ज्या नगाबद्दल तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही, तो बाजूला ठेवा. कारण तो नग आज तुम्ही "ओरिजनल" म्हणून विकलात, तर उद्या गिऱ्हाईकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीच नसेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण नोंद ठेवून करा!