सुईवर राहिलेली वीण

लोकरीचे विणकाम करणाऱ्या घरात सहसा एकच काम सुयांवर नसते. एका पिशवीत स्वेटरची पाठ, दुसरीत बाळाचे टोपडे, आणि ट्रंकेत गेल्या थंडीत मुंड्यापर्यंत येऊन थांबलेले जाकीट. बघणाऱ्याला हा धरसोडपणा वाटतो. विणणारीच्या लेखी मात्र ती वेगवेगळ्या वेळांची वेगवेगळी कामे असतात.

विणकामाचा वेग मुळातच मंद. दहा सेंटिमीटर रुंदीत 20 टाके आणि तेवढ्याच उंचीत 28 ओळी बसतात असे धरले, तर 50 सेंटिमीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर लांब पाठीला 100 टाक्यांच्या 168 ओळी लागतात, म्हणजे 16,800 टाके. मिनिटाला तीस टाके पडले तरी सव्वानऊ तासांहून जास्त वेळ जातो. रोजचा अर्धा तास हाताशी असेल तर नुसत्या पाठीला जवळजवळ तीन आठवडे. पुढचे भाग, बाह्या, गळा अजून राहिलेच. एवढा काळ एकाच रंगाच्या सरळ विणीकडे बघत बसायला फार चिकाटी लागते, आणि ती सगळ्यांकडे असावी अशी अपेक्षा करण्याचे कारणही नाही.

म्हणून कामे वाटली जातात. सुलट-उलटची साधी पाठ गप्पा मारताना किंवा दूरदर्शनसमोर न बघता पुढे सरकते. जाळीची किंवा पिळाची वीण टाके मोजत करावी लागते. तिला उजेड हवा आणि घर शांत हवे. मोजे-टोपडे पिशवीत मावते, म्हणून ते शिराळ्याहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत बरोबर येते. बाळंतविडा तर मुळातच अनेक कामांचा: टोपडे, मोजे, स्वेटर, शाल. त्यातला एक मोजा पुरा झाला तरी हाताला यश लाभल्यासारखे वाटते, आणि त्या हुरुपावर मोठे काम चार ओळी पुढे जाते. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, बरोबरच विणण्याची युक्तीही यातलीच. प्रत्येक ओळीला दुप्पट वेळ लागतो, पण बाह्या लहानमोठ्या होत नाहीत.

बत्तीस शिराळ्याच्या परिसरात कामे अशी थांबत-थांबत पुरी करण्याची रीत लोकरीआधीची आहे. इथे गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे धुऊन, एकावर एक अंथरून, कडेपासून आत धावदोरा घालत नेतात. हे काम उन्हाळ्याचे, कारण कपडा खणखणीत वाळावा लागतो आणि अंगण कोरडे असते. पण याच तालुक्यात मे महिन्याच्या अखेरीस कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी होते. पेरणी आली की वाकळ गुंडाळून माळ्यावर जाते, मग पाऊस आणि भांगलण. उरलेले दोरे सुगीनंतर नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात. अर्धी वाकळ वर्षभर पडून राहिली म्हणून कुणी तिला टाकलेले काम म्हणत नाही.

लोकर मात्र बाहेरून आली. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ. तिची घोंगडी उत्तम होते, पावसात खोळ करून डोक्यावर घेता येते, पण अंगाला टोचत असल्याने ती स्वेटरच्या कामाची नाही. कानपूरला 1876 मध्ये सुरू झालेली लाल इमली, ठाण्याला 1925 मध्ये निघालेली रेमंडची गिरणी अशा कारखान्यांनी देशात लोकरीचा धंदा वाढवला. पुढे लुधियाना हे विणकामाच्या लोकरीचे मोठे केंद्र झाले. आज दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. मेंढीशी त्याचा संबंध नसला तरी त्याला कसर लागत नाही, आणि वर्षानुवर्षे ट्रंकेत राहणाऱ्या अर्ध्या स्वेटरला तेच सोयीचे.

अनेक कामे चालू ठेवण्यात अडचणीही आहेत. रंगाची सगळी लोकर सुरुवातीलाच एका लॉटची घ्यावी लागते. नंतर आणलेली गुंडी त्याच रंगाची दिसली तरी विणल्यावर पट्टा उठतो. एका कामाच्या सुया काढून दुसऱ्याला लावल्या की कोणत्या नंबरवर काय विणले होते ते विसरते, म्हणून नंबर, टाक्यांची संख्या आणि झालेल्या ओळी चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकतात. काम ठेवताना ओळ पुरी करूनच ठेवावी. अर्ध्यावर सोडलेल्या ओळीत सुई निसटली की टाके खाली उसवत जातात, शिवाय ताण पडून मधेच एक भोक राहते.

सर्वांत मोठी अडचण हाताची. सहा महिन्यांनी तीच विणणारी त्याच सुयांवर घट्ट किंवा सैल विणू शकते. तेव्हा जुन्या कामावर चार ओळी विणून टाके जुन्या भागाशी ताडून पाहतात. हात घट्ट झाला असेल तर एक नंबर जाड सुई घेतात, म्हणजे दहा नंबरऐवजी नऊ, कारण आपल्याकडच्या सुयांचा नंबर जसा उतरतो तशी जाडी वाढते. सैल झाला असेल तर अकरा. मग त्या चार ओळी उसवून काम जिथे थांबले होते तिथून पुन्हा सुरू होते.