एक शब्द, अनेक अर्थ : ‘सेट’चे उदाहरण

अनेकार्थता ही संकल्पना येथे आपण एका इंग्रजी शब्दाच्या आधारे समजून घेणार आहोत. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतील सर्वांत दीर्घ नोंद एखाद्या भारदस्त संज्ञेची नाही, ती ‘सेट’ या साध्या क्रियापदाची आहे. तेथे त्याचे 400 हून अधिक अर्थ दिलेले आहेत.

मराठीत अनुवाद करू लागताच ही विविधता जाणवते. सूर्य मावळतो, सिमेंट घट्ट होते, परीक्षक प्रश्नपत्रिका काढतो, शिकारी सापळा लावतो, संगीतकार गीताला चाल लावतो, लग्नाची तारीख ठरते. या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालतो. मग हे अर्थ परस्परांशी असंबद्ध आहेत काय? तसे नाही. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे मुळात त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपल्याकडेही वैद्य हाड बसवतो, सोनार अंगठीत खडा बसवतो; तेथे दोन्ही भाषा एका वाटेने जातात. पुढे मात्र वाटा फुटतात. आपण नाटक बसवतो, गणपती बसवतो. इंग्रजीत तेथे ‘सेट’ येत नाही.

‘संच’ या अर्थाच्या नामाची कुळी मात्र काहीशी निराळी आहे. ते फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘सेक्टा’ (अनुयायांचा गट) या शब्दापासून आले व क्रियापदाच्या सहवासात मिसळून गेले. तुमच्यापैकी काहीजण ज्या ‘सेट’ परीक्षेची तयारी करीत असतील, तो तर केवळ आद्याक्षरांचा शब्द. तेव्हा रूप एक दिसले म्हणून शब्द एकच असतो, असे मानू नये.

शब्दकोशातील पहिलाच अर्थ उचलण्याची सवय किती महागात पडू शकते, ते न्यायालयीन भाषेत दिसते. ‘सेट असाइड’चा व्यवहारातील अर्थ ‘बाजूला ठेवणे’. पण वरिष्ठ न्यायालय खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ करते, तेव्हा तो आदेश रद्द झालेला असतो. अनुवादकाने ‘आदेश बाजूला ठेवला’ असे लिहिले, तर तो अजून विचाराधीन आहे, असा पक्षकाराचा समज होईल. ज्याची जमीन त्या आदेशावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही.

‘मुलगा पुण्यात सेट झाला’ हा आपला प्रयोग काहींना खटकतो. प्रस्तुत लेखकाला तो तितकासा त्याज्य वाटत नाही. नोकरी, घर आणि बहुधा लग्नही त्या एका शब्दात येते, तेवढे ‘स्थिरावला’मध्ये येतेच असे नाही.

स्वाध्याय : दिवा लावणे, दार लावणे, रोप लावणे, मुलाला शाळेत लावणे, मनाला लावून घेणे. प्रत्येकासाठी योग्य इंग्रजी क्रियापद शोधा व ‘लावणे’चे यांतील कोणते अर्थ परस्परांशी जोडता येतात, ते सकारण लिहा.