देवकुंडाचा डोह कोणी खणला?

पुण्याहून निघायचं, मुळशीचं धरण मागे टाकायचं आणि ताम्हिणी घाट उतरायचा. खाली रायगड जिल्ह्यातलं भिरा गाव लागतं. देवकुंडाची वाट इथूनच सुटते. आधी भिरा धरणाच्या काठाकाठाने, मग ओढे ओलांडत, गर्द रानातून. दीड-दोन तास चालून पाय बोलायला लागले की पाण्याचा आवाज येतो. धबधबा दिसतो त्यानंतर!

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची बरोबर होती. उंच काळ्या कड्यावरून पांढरीशुभ्र धार पडत होती आणि खाली हिरवानिळा, गोल डोह. तिने विचारलं, "मामा, एवढा मोठा खड्डा कोणी खणला?"

मी तिला काठावरचा एक गोटा उचलायला सांगितला. काळा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, अंगभर पांढरे ठिपके.

"खणणाऱ्याची हत्यारं ही अशी!"

हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि आपला सह्याद्री त्यांतूनच घडला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरली. तेच हे ठिपके.

आता डोहाची गोष्ट. पावसाळ्यात पुराबरोबर असे गोटे वाहत येतात, धारेखाली सापडतात आणि गरागरा फिरत तळ घासतात, अगदी जात्यासारखे. तळ झिजतो, गोटाही झिजतो. म्हणून तर तो इतका गुळगुळीत! एका पावसाळ्यात काहीच दिसत नाही, पण हे काम हजारो पावसाळे चाललंय. कुकडी नदीने निघोजला रांजणखळगे कोरले तेही असेच. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं याच जातीच्या दगडात आहे. तिथे माणसांनी छिन्नी चालवली, इथे पाण्याने गोटे फिरवले.

भाचीने गोटा परत काठावर ठेवला आणि बूट काढायला लागली. मी तिला थांबवलं. धार आदळते तिथे तळ सगळ्यात जास्त कोरला जातो, त्यामुळे गुडघाभर वाटणारं पाणी दोन पावलांवर डोक्यावरून जाऊ शकतं. देवकुंडात माणसं बुडाली आहेत, पावसाळ्यात तर तिथे जायला बऱ्याचदा बंदीच असते. तुम्ही जाल तेव्हा पाऊस सरल्यावर, मोठ्यांबरोबर जा. काठावर बसून गोटे हवे तेवढे बघा, पण डोहात उतरू नका.