शाश्वत विकास ध्येये आणि विद्यापीठे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाश्वत विकास ध्येये म्हणजे पर्यावरण रक्षणाचा कार्यक्रम, हा सर्वांत रूढ समज. प्रत्यक्षात २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी स्वीकारलेल्या १७ ध्येयांची यादी दारिद्र्यापासून सुरू होते. मग भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता असे विषय येतात. हवामान बदलाचा क्रमांक तेरावा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रोपे लावून त्यांचे फोटो अहवालाला जोडणारे महाविद्यालय फार तर पंधराव्या, म्हणजे जमिनीवरील जीवसृष्टीच्या, ध्येयाजवळ पोहोचते, आणि तेही पुढच्या उन्हाळ्यात ती रोपे जगली तर.

ही ध्येये गरीब देशांपुरती आहेत, हेही खरे नाही. त्यांच्या आधीची आठ सहस्रक विकास ध्येये प्रामुख्याने विकसनशील देशांसाठी होती. आताची नॉर्वेला लागू आहेत तशीच नायजरलाही.

मात्र ‘लागू’ याचा अर्थ कायद्याने बंधनकारक असा नाही. ध्येय गाठले नाही म्हणून कोणत्याही देशाला दंड होत नाही. देश आपापला आढावा स्वेच्छेने मांडतात. भारताने तो २०१७, २०२० आणि २०२५ मध्ये मांडला. राज्यांची प्रगती नीती आयोगाचा निर्देशांक २०१८ पासून मोजतो.

विद्यापीठांचा संबंध चौथ्या, म्हणजे शिक्षणाच्या ध्येयापुरताच, असे मानले जाते. ध्येयांखालच्या एकूण १६९ लक्ष्यांपैकी ४.३ मध्ये परवडणाऱ्या, दर्जेदार विद्यापीठीय शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या ध्येयाकडे पाहावे. त्याखालच्या निर्देशकांत स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाणही येते. ‘धनशक्ती’ हा अधिक लोह असलेला बाजरीचा वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून प्रसारित झाला. हे थेट दुसऱ्या ध्येयाचे काम, कृषी संशोधन केंद्राच्या नेहमीच्या चाकोरीतून झालेले. अर्थात नुसता वाण निघाल्याने रक्तक्षय हटत नाही. बियाणे वेळेवर मिळावे लागते, उत्पन्न परवडावे लागते आणि ती भाकरी घरातल्या बाईच्या ताटात पडावी लागते. म्हणजे पैदासकाराच्या जोडीला विस्तार शिक्षण, अर्थशास्त्र आणि आहारशास्त्र हवे. या सगळ्या शाखांचे अभ्यासक एकत्र मिळण्याची शक्यता विद्यापीठांतच सर्वांत जास्त. विभागाविभागांतल्या भिंती आड येतात, ही गोष्ट वेगळी.

क्रमवारीत वरचे स्थान म्हणजे ध्येयपूर्ती, हा समज अलीकडचा. ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ची या विषयावरची क्रमवारी २०१९ मध्ये सुरू झाली. सहभाग ऐच्छिक असतो आणि बरीचशी माहिती संस्था स्वतःच पुरवते. एकूण गुणांत सतराव्या ध्येयाला, म्हणजे भागीदारीला, २२ टक्के वजन आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांच्या तीन ध्येयांना प्रत्येकी २६ टक्के, अशी तिची मूळ रीत. त्यामुळे बाकीच्या तेरा ध्येयांबाबत संस्था काय करते, हे एकूण क्रमांकावरून कळत नाही. प्रवेशद्वारावरच्या फलकात हा तपशील नसतो.

या कामासाठी स्वतंत्र विभाग आणि मोठा निधी लागतो, ही समजूत प्राध्यापकांमध्येही आढळते. उन्नत महाराष्ट्र अभियानाची वाट निराळी आहे. आयआयटी मुंबईतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा त्यात पुढाकार असून राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्हा प्रशासनासाठी नळपाणी योजनांसारख्या स्थानिक प्रश्नांचा अभ्यास करावा, अशी त्याची कल्पना आहे. योजना कागदावर पूर्ण असूनही टाकीत पाणी का चढत नाही, या प्रश्नात जलशास्त्र, विजेचे बिल आणि ग्रामपंचायतीचा हिशेब तिन्ही येतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला श्रेयांक आधीपासूनच असतात. तयार प्रकल्प विकत आणण्याऐवजी विषय तालुक्यातून घ्यायचा, एवढा बदल करायला नवा विभाग लागत नाही. अध्यापकांना गावी जायला वेळ आणि गाडीभाडे मात्र लागते.