औषधनिर्मितीतील हिरवेपणा: समज आणि वजनकाटा

हरित रसायनशास्त्राविषयी सर्वांत रूढ समज असा आहे की, वनस्पतीपासून मिळणारे औषध आपोआपच पर्यावरणाला सोसवते आणि प्रयोगशाळेत घडवलेले औषध मात्र त्याला जड जाते. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाचा इतिहास हा समज खोडून काढतो. हे द्रव्य सुरुवातीला उत्तर अमेरिकेतील पॅसिफिक यू या अतिशय सावकाश वाढणाऱ्या वृक्षाच्या सालीतून काढले जात असे आणि साल सोलली की झाड मरत असल्यामुळे औषधाची मागणी थेट जंगलावर येऊन आदळत होती. पुढे युरोपीय यूच्या पानांतील एका पूर्वद्रव्यावर 11 रासायनिक बदल घडवून हेच औषध मिळू लागले. झाडे वाचली, पण या मार्गाला 13 द्रावके लागत होती. अखेरीस यूच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवून त्यांच्याकडूनच औषध तयार करून घेण्याची पद्धत आली आणि तिला 2004 मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला.

दुसरा समज खुद्द रसायनतज्ज्ञांमध्येही दीर्घकाळ टिकून होता: अभिक्रियेतून अपेक्षित उत्पादनाच्या नव्वद-पंचाण्णव टक्के उत्पादन हाती आले, म्हणजे वाया फारसे काही गेले नाही. वस्तुतः हा टक्का केवळ इष्ट पदार्थ किती मिळाला एवढेच सांगतो. अभिक्रियेत घातलेल्या अणूंपैकी किती अणू त्या पदार्थात उतरले आणि किती टाकाऊ उपपदार्थांत गेले, याचा हिशेब त्यात नसतो. बॅरी ट्रॉस्ट यांनी 1991 मध्ये मांडलेली अणू-मितव्ययाची कल्पना नेमका हाच हिशेब करते. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक बनवण्याच्या ब्रिटनमधील बूट्स कंपनीच्या मूळ पद्धतीत सहा टप्पे होते आणि वापरलेल्या अणूंपैकी, वजनाने मोजल्यास, जेमतेम 40 टक्के औषधात उतरत. त्यातच पहिल्या टप्प्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइड मोठ्या प्रमाणात लागे आणि काम झाल्यावर त्याचा निव्वळ कचरा उरे. नंतर बीएचसी कंपनीने उत्प्रेरकांवर, म्हणजे अभिक्रिया घडवून स्वतः न संपणाऱ्या पदार्थांवर, आधारलेली तीन टप्प्यांची पद्धत आणली. तिच्यात हे प्रमाण 77 टक्क्यांवर गेले, आणि उपपदार्थ म्हणून मिळणारे ॲसेटिक आम्ल परत वापरात आणले, तर ते 99 टक्क्यांच्या आसपास पोहोचते. 1997 चा पुरस्कार या पद्धतीला मिळाला.

मात्र या पुरस्कारप्राप्त पद्धतीच्या पहिल्याच टप्प्यात उत्प्रेरक आणि द्रावक अशा दोन्ही भूमिका बजावतो तो हायड्रोजन फ्लोराइड, म्हणजे अत्यंत विषारी आणि दाहक पदार्थ. तो जवळजवळ पूर्णपणे परत मिळवून पुन्हा वापरला जातो, म्हणून कचऱ्याच्या मापावर पद्धत सरस ठरते. पण गळती झाल्यास होणारा धोका त्या मापात दिसत नाही, आणि या पद्धतीच्या गौरवात ही बाब जरा जास्तच हळू आवाजात सांगितली जाते.

द्रावकांच्या बाबतीत असाच एक गैरसमज पाण्याभोवती आहे. रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या ई-घटकानुसार, म्हणजे प्रत्येक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा निर्माण होतो या मापानुसार, औषध उद्योगात हा आकडा 25 ते 100 किंवा त्याहून अधिक भरतो, आणि त्यात मोठा वाटा अभिक्रियाकारकांपेक्षा द्रावकांचा असतो. म्हणून द्रावकाऐवजी पाणी वापरले की प्रश्न सुटला, असे मानले जाते. परंतु अभिक्रिया पाण्यात घडली, तरी पदार्थ पाण्यातून वेगळा काढण्यासाठी बहुधा सेंद्रिय द्रावकच लागते, आणि मागे राहिलेले दूषित पाणी शुद्ध करणे अनेकदा द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्यापेक्षा अवघड असते. शेल्डन यांच्या मूळ मापात पाणी मोजलेच जात नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. सर्ट्रालीन या नैराश्यावरील औषधाच्या बाबतीत फायझरने वेगळी वाट धरली: तीन टप्पे एकत्र केले आणि चार द्रावकांऐवजी केवळ इथेनॉल वापरले. त्यामुळे टायटॅनियम डायऑक्साइडचा वर्षाला सुमारे 440 टन कचरा टळला आणि कच्चा मालही कमी लागू लागला. हरित पद्धत महागच पडते, हा समज येथेच गळून पडतो.

तारापूर किंवा लोटे-परशुरामसारख्या रासायनिक औद्योगिक वसाहतींच्या संदर्भात सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रालाच हरित उपाय म्हटले जाते. असे केंद्र आवश्यक असते, परंतु ते कचरा निर्माण झाल्यानंतर काम करते, तर हरित संश्लेषण अभिक्रियेची आखणी करतानाच तो टाळू पाहते.

विकरे, म्हणजे सजीवांमधील प्रथिनरूप उत्प्रेरक, निसर्गातून उचलून टाकीत घातली की झाले, असेही अनेकांना वाटते. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनसाठी निवडलेले जिवाणूजन्य विकर मूळ रूपात त्या रेणूवर काहीच काम करत नव्हते. कोडेक्सिस आणि मर्क यांच्या संशोधकांनी निवड आणि फेरबदलाच्या अनेक फेऱ्यांतून त्याच्या रचनेत 27 बदल घडवले, तेव्हा कुठे ते पाणी आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात टिकून काम करू लागले. त्यामुळे ऱ्होडियम धातूचा उत्प्रेरक आणि उच्च दाबाचे हायड्रोजनीकरण या दोन्ही गोष्टी वगळता आल्या आणि एकूण कचरा 19 टक्क्यांनी घटला. 2010 मध्ये गौरवल्या गेलेल्या या पद्धतीने ज्या जुन्या पद्धतीची जागा घेतली, तिलाही 2006 मध्ये हाच पुरस्कार मिळाला होता.