दोष कपड्यांचा की बाजाराचा?

२००८ साली आयपीएल सुरू झाली आणि चिअरलीडर्सच्या तोकड्या कपड्यांवरून महाराष्ट्रातले संस्कृतिरक्षक खवळले. त्याच हंगामात मोहालीत दोन कृष्णवर्णीय मुलींनी तक्रार केली, की कातडीच्या रंगामुळे आम्हाला मैदानाबाहेर ठेवले. त्या वर्णभेदावर यांच्यापैकी किती बोलले? २००५ साली डान्सबारवर बंदी आली, तारांकित हॉटेलांना मात्र सूट! म्हणजे नीतीसुद्धा खिसा पाहून!

बाईला शोभेची बाहुली करणारा बाजार आम्हाला मान्य नाही. पण जाब तिला नव्हे, नाचवणाऱ्या धनदांडग्यांना विचारा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या हक्कासाठी बोलले. आमच्या नाशिक जिल्ह्याची आदिवासी लेक कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. इगतपुरीच्या लेकींना सीमारेषेबाहेर नाचायला नको, आत खेळायला मैदान द्या!