रघुजी भोसले यांची फिरंग

नागपूरकर भोसले घराण्याच्या राज्याचा पाया घालणारे पहिले रघुजी भोसले यांच्या नावाची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोदबीज या लिलावगृहात विक्रीला आली. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. वाहतूक, विमा आणि हाताळणी धरून एकूण खर्च सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये आला.

तलवार फिरंग जातीची आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपात घडवलेली पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून देशात येत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या हाताला सोयीची मूठ बसवत. पाते सरळ व लांब, मूठ मात्र पूर्णपणे इथली, असा या शस्त्राचा घाट. रघुजींच्या तलवारीचे पातेही युरोपीय बनावटीचे, सरळ आणि एकधारी आहे. तिची मूठ मुल्हेरी धाटणीची असून पकडीवर हिरवे कापड गुंडाळलेले आहे.

अशा तलवारीत सर्वांत अधिक कसब मुठीत असते. पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीच्या पोकळीत घालून तो तापवलेल्या लाखेने घट्ट बसवत. बोटांच्या रक्षणासाठी परज असे. या मुठीवर सोन्याचे कोफ्तगरी काम आहे. त्यासाठी पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खरवडून तो खरबरीत करतात, सोन्याची तार किंवा पत्रा त्यावर ठोकून बसवतात आणि मग घोटून एकजीव करतात. रेघा पुरेशा खोल नसतील तर सोने काही वर्षांत सुटते. मराठ्यांची शस्त्रे बहुधा साधी, लढाईत वापरण्याची. त्यामुळे असे सजवलेले शस्त्र विरळाच.

तिचे खरे मोल मात्र पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ आहे. तिथे सोन्याने देवनागरीत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असा लेख आहे. एरवी जुन्या तलवारीचा धनी घराण्याच्या सांगण्यावरून किंवा संग्राहकाच्या टिपणावरून ठरतो, आणि विक्रीच्या वेळी अशा सांगण्यावर कितपत विसंबायचे हा प्रश्न उरतोच. इथे धन्याचे नाव आणि हुद्दा शस्त्रावरच आहे. लेख नसता, तर हीच तलवार एक देखणी मराठा फिरंग म्हणून आणखी एखाद्या खासगी संग्रहात गेली असती आणि नागपूरला तिचा पत्ताही लागला नसता.

सेनासाहेबसुभा हा किताब रघुजींना छत्रपती शाहू महाराजांनी दिला होता. १७४० मध्ये दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली पडून त्याचा जावई चंदासाहेब कैद झाला, त्या मोहिमेचे नेतृत्व रघुजींकडे होते. पुढे बंगालवर स्वाऱ्या झाल्या. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई मान्य केली आणि ओडिशा भोसल्यांच्या हाती आला. १७५५ मध्ये रघुजींचे निधन झाले.

तलवार इंग्लंडला कशी गेली याचे उत्तर नागपूरच्या पडझडीतच शोधावे लागते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि भोसल्यांचा खजिना व शस्त्रे ईस्ट इंडिया कंपनीच्या लुटीला मोकळी झाली. ही तलवारही त्याच वेळी गेली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरा घाला १८५३ मध्ये तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर पडला. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकले गेले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झाले. ज्या घराण्याच्या वस्तूंवर एकदा असा हातोडा पडला, त्याच घराण्याचे शस्त्र परत मिळवायला पुन्हा बोलीच लावावी लागली, ही गोष्ट क्लेशदायक आहे.

या मार्गाला पर्याय फारसा नव्हता. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू केंद्र सरकारच्या परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाहीत. पण त्याआधीच बाहेर गेलेल्या, परदेशातल्या खासगी मालकीच्या वस्तूंवर तो कायदा चालत नाही. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आलेली वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीवर आली होती. रघुजींची तलवार मालकीहक्काने आली, म्हणून तिला परत जायचे नाही. लिलावाची बातमी अगदी आयत्या वेळी कळली आणि शासनाला थेट बोली लावता येत नसल्याने मध्यस्थ नेमावा लागला. ज्यांनी ती धावपळ केली त्यांचे ऋण मानावे लागेल.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी तलवार मुंबईत पोहोचली आणि पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ती लोकांना पाहता आली. नागपुरात १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी अजब बंगला, आहे. तिच्या कायमच्या मुक्कामासाठी त्याहून योग्य जागा सुचत नाही.